लेझर ही काडी आहे की चूल?

प्रश्न असा आला आहे: "लेझरने हवेत प्लाझ्मा पेटवून त्याच्या धक्क्यावर छोटं यान उडवल्याचं वाचलं. मग रॉकेटमध्ये टनांनी इंधन भरायचं कशाला? लेझर जमिनीवर ठेवायचा आणि वर फक्त यान पाठवायचं. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला हाच विषय घ्यावा असं डोक्यात आहे. यात नेमकं अडतं कुठे?"

अडतं कुठे ते सांगतो, पण आधी एक गाठ सोडवू. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. चुलीत लाकडं रचून ठेवलीत आणि तुम्ही फक्त काडी ओढताय, ही एक गोष्ट. लाकडंच नाहीत आणि काडीच्या आचेवर भात शिजवायचाय, ही निराळी. लेझर या दोन्ही कामांना लावता येतो. पहिल्याला काही मिलिज्यूल पुरतात, दुसऱ्याला मेगावॅट लागतात. बातम्यांत मात्र दोन्हींना एकच नाव असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की काडी पेटली म्हणजे भात झालाच.

त्यात 'पेटवणे' हे क्रियापद आणखी घोळ घालतं. प्लाझ्मा पेटत नाही. वायूतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले की त्या अवस्थेला आपण प्लाझ्मा म्हणतो. त्यात जळणारं काही असेलच असं नाही. ऊर्जा बाहेरून येत राहिली तर तो टिकतो, थांबली की काही मायक्रोसेकंदांत विझू लागतो. बोलताना मीही 'पेटला' असंच म्हणतो, सवय आहे. हिशेब करताना मात्र ती ऊर्जा कुठून आली हे विचारायचं.

माझी बहुतेक वर्षं काडीच्या कामात गेली, म्हणजे लेझरच्या ठिणगीने इंधन आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण पेटवण्यात. चुलीचं काम मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. त्यामुळे माझा कल कुठे असेल ते ओळखून पुढचं वाचा.

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी चष्मा घालायला लावून फक्त ऐकायला सांगायचो. एनडी-याग लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. समोर एक साधी लेन्स. बटण दाबलं की रिकाम्या हवेत 'टच्' असा कोरडा आवाज येतो आणि लेन्सपुढे पांढरानिळा ठिपका चमकून जातो. तिथे ना तार, ना इलेक्ट्रोड. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "पण पेटलं काय?"

आकडे पाहा. एका पल्समध्ये १०० मिलिज्यूल. दहा ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. पण ती १० नॅनोसेकंदांत ओतली तर त्या क्षणापुरती शक्ती होते १० मेगावॅट, वर्गातल्या पाच मिलिवॅटच्या पॉइंटरच्या दोनशे कोटी पट. हा प्रकाश ५० मायक्रॉनच्या ठिपक्यावर आणला की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ × १०^११ वॅट होते. या तरंगलांबीला साध्या हवेत ठिणगी पडायला १०^११च्या आसपास लागतात, म्हणजे आपण उंबरठा ओलांडलेला असतो. सेकंदाला दहा पल्स मारल्या तरी सरासरी शक्ती एकच वॅट, हेही लक्षात असू द्या. काडी आणि चूल यांतलं सगळं अंतर या दोन आकड्यांत आहे: क्षणाला १० मेगावॅट, सरासरीला १ वॅट.

आता या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२ लागतात, नायट्रोजनला साडेपंधरा. म्हणजे एका फोटॉनच्या बळावर हे होत नाही. होतं ते असं: कुठूनतरी एखादा सुटा इलेक्ट्रॉन मिळतो, बहुतेकदा हवेतल्या धुळीच्या कणावरून. तो प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रात हेलकावे खातो, रेणूंवर आपटतो, प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा कमावतो, आणि पुरेशी साठली की एका रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आठवा. चाळीस-पंचेचाळीस दुपटी झाल्या की एकाचे लाख कोटींच्या वर होतात, आणि हे सगळं दहा नॅनोसेकंदांच्या आत उरकायचं असतं. म्हणून उंबरठा इतका काटेकोर वाटतो. थोडं कमी पडलं तर काहीच नाही, थोडं जास्त झालं की टच्.

पुढची गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण प्रॉपल्शनचं, म्हणजे यान ढकलण्याचं, मर्म तिच्यातच आहे. ठिणगी पडली की उरलेली पल्स त्या प्लाझ्मातच शोषली जाते, आणि प्लाझ्मा लेझरच्या दिशेने उलटा पळत सुटतो, येणाऱ्या प्रकाशाला खात खात. मॉस्कोतले भौतिकशास्त्रज्ञ रायझर यांनी १९६५ मध्ये या लाटेचं गणित स्फोटाच्या लाटेसारखं मांडलं. फरक एवढाच की स्फोटात लाटेला रासायनिक ऊर्जा ढकलते आणि इथे प्रकाश ढकलतो. वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर. मागे उरतो काही दहा हजार केल्व्हिनचा गोळा आणि त्याच्या भोवती पसरणारी धक्कालहर. तुम्ही ऐकता तो 'टच्' म्हणजे तीच लहर.

शोषलेल्या ऊर्जेतला बराच मोठा वाटा या लहरीत जातो. मिश्रण पेटवणाऱ्याच्या दृष्टीने ती वाया गेली, त्याला मधला गरम गोळा हवा असतो. यान ढकलणाऱ्याला मात्र ही लहरच हवी असते. काडीवाल्याचं नुकसान ते चुलीवाल्याचं उत्पन्न. दोघं एकाच टेबलावर काम करतात आणि एकमेकांच्या लेन्स पळवतात, ते वेगळं.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा 'लाइटक्राफ्ट'ची असावी. जमिनीवरच्या लेझरने कक्षेत जायची कल्पना आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२ मध्ये मांडली होती. तिला हवेत उडवून दाखवलं ते अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकचे प्राध्यापक मिराबो यांनी, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या लष्करी तळावर. २ ऑक्टोबर २००० रोजी त्यांचं १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, ५१ ग्रॅम वजनाचं यान ७१ मीटर उंच गेलं. उड्डाण १२.७ सेकंदांचं. खाली होता १० किलोवॅटचा पल्स कार्बन डायऑक्साइड लेझर. यानाचं बूड म्हणजे एक घासूनपुसून लख्ख केलेला आरसा. तो बीमला कडेच्या कंकणाकृती फटीत एकवटतो, तिथे प्लाझ्मा होतो, धक्कालहर यानाला वर ढकलते, मग पुढची पल्स. यान सरळ राहावं म्हणून सोडण्याआधी त्याला भोवऱ्यासारखं गरगर फिरवलेलं असतं.

कार्बन डायऑक्साइड लेझर इथे उगाच नव्हता. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, यागच्या दहापट. तरंगलांबी वाढली की इलेक्ट्रॉनला प्रत्येक हेलकाव्यात जास्त वाव मिळतो आणि ठिणगीचा उंबरठा जवळजवळ शंभर पटींनी उतरतो. शिवाय हवेत होणारा प्लाझ्मा त्या प्रकाशाला जवळपास अपारदर्शक असतो, त्यामुळे ऊर्जा आरपार न जाता पातळ थरातच जिरते. हा लेझर १९६०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म १९३८चा, बारामतीचा. इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं, म्हणजे आजच्या सीओईपीतलं. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून संधी मिळाली की मी सांगून घेतो.

पण बातमीत एक गोष्ट सहसा दबलेली असते. ७१ मीटरचं ते उड्डाण निव्वळ हवेवर झालं नव्हतं. त्या फटीत प्लॅस्टिकचं कडं बसवलेलं होतं, आणि लेझर त्याचा थर उडवून त्याच्या वाफेचा आणि प्लाझ्माचा झोत करत होता. म्हणजे यानाने आपलं 'इंधन' बरोबर नेलं होतं, फक्त ऊर्जा खालून येत होती. हवेवरही अशी यानं चालतात, पण प्रत्येक धक्क्यानंतर फटीतली तापलेली विरळ हवा जाऊन ताजी यावी लागते, आणि वर जाल तशी हवाच संपत जाते.

आता तुमचा खरा प्रश्न: मग टनांनी इंधन कशाला?

या धंद्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. एक मेगावॅट प्रकाशातून किती न्यूटन जोर मिळतो? प्रकाश आरशावरून नुसता परावर्तित केला तर ०.००६७ न्यूटन. प्लाझ्मा किंवा वाफ उडवली तर साधारण १००, चांगल्या जमलेल्या जागी काहीशे. म्हणजे नुसत्या प्रकाशाच्या दाबापेक्षा पंधरा हजार पट आणि वर. प्लाझ्माच्या मागे लागायचं कारण हेच. पण ताळा करून बघा: १० किलोवॅटला १०० च्या दराने मिळतो एक न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅमचं वजन तोलण्याइतका. यान ५१ ग्रॅमचं का होतं ते आपोआप कळतं.

हा दर वाढवता येतो का? येतो, पण एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकावं लागतं. झोताचा वेग जितका कमी, तितका एका वॅटमागे जोर जास्त. पण वेग कमी म्हणजे पदार्थ भराभर संपणार. दर (एका वॅटमागे न्यूटन) आणि झोताचा वेग (सेकंदाला मीटर) यांचा गुणाकार दोनाच्या वर जाऊच शकत नाही, तो ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच नियम आहे. झोत सेकंदाला १० किलोमीटरने बाहेर पडत असेल तर शंभर टक्के कार्यक्षमता धरूनही मेगावॅटला २०० न्यूटनच. कुणी दोन्ही आकडे एकदम भरघोस सांगितले तर गुणाकार करून बघायचा. अशा दोन-तीन सादरीकरणांत मी हात वर केला आहे, आणि नंतर चहाला माझ्याशेजारी कुणी बसलेलं नाही.

आता उलट बाजूने बघा. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचा जोर जास्तीत जास्त ४,८०० किलोन्यूटनच्या आसपास, आणि झोताचा वेग सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार करून अर्धा केला की झोतातली शक्ती मिळते: सहा गिगावॅटच्या वर. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. म्हणजे श्रीहरिकोट्याला पावणेतीन मीटर व्यासाच्या त्या पोलादी नळीत कोयनेसारखी तीन वीजघरं भरलेली असतात आणि ती पावणेदोन मिनिटांत जळून जातात. इंधन 'वजन' म्हणून आपल्याला खुपतं. पण इतकं दाट, इतकं स्वस्त आणि उचलून नेता येणारं वीजघर दुसरं नाही. तुमच्या 'कशाला' या शब्दाला माझं उत्तर हे आहे.

लेझरवाले यावर म्हणतील, आम्हाला पीएसएलव्हीसारखे ३२० टन उचलायचेच नाहीत, आम्ही नुसता उपग्रह उचलू. बरोबर आहे. ढोबळ हिशेब असा की कक्षेत न्यायच्या दर किलोला एक मेगावॅट प्रकाश लागतो. ५०० किलोच्या उपग्रहाला ५०० मेगावॅट. विजेचा प्रकाश करण्यात चाळीस टक्के कार्यक्षमता धरली तरी सव्वा गिगावॅट वीज, काही मिनिटं सलग. आज सलग चालणारे लष्करी विजेचे लेझर ३०० किलोवॅटच्या घरात आहेत. अंतर हजार पटींहून जास्त.

बीमचंही बघा. एक मीटर व्यासाच्या आरशातून १०.६ मायक्रॉनचा बीम १०० किलोमीटर वर पाठवला, तर विवर्तनामुळेच, म्हणजे प्रकाशाच्या स्वतःच्या पसरण्याच्या गुणामुळेच, तो अडीच मीटरहून जास्त पसरतो. यागच्या तरंगलांबीला हाच ठिपका पाव मीटर होतो. पण आपण आत्ताच म्हटलं की प्लाझ्मा करायला लांब तरंगलांबी सोयीची. म्हणजे पोचवायला छोटी बरी आणि वापरायला मोठी. वातावरणाची थरथर आणि बीमनेच तापवलेली हवा यांचा त्रास वेगळा. शिवाय वर उपग्रह फिरत असतात. असा लेझर आकाशात रोखायचा तर कुणाच्या कॅमेऱ्यात तो घुसणार नाही ना, हे आधी विचारून वेळ ठरवून घ्यावी लागते.

म्हणून जमिनीवरून उड्डाण हे काम मला माझ्या हयातीत होताना दिसत नाही. पण एकदा कक्षेत पोचल्यावर चित्र बदलतं, कारण तिथे वजन तोलायचं नसतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये एक आराखडा मांडला: जमिनीवर दहा मीटरचा, १०० मेगावॅटचा लेझर, यानावर फुगवता येणारा आरसा, आणि तो प्रकाश हायड्रोजनच्या चेंबरमध्ये एकवटून तिथे सतत तेवणारा प्लाझ्मा. मंगळ ४५ दिवसांत. त्यात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला भाग शेवटचा आहे. मंगळावर दुसरा लेझर नाही, तर थांबायचं कशाने? उत्तर: तिथल्या विरळ वातावरणात घासून, आणि तेही भयानक जोराने.

हा 'तेवणारा' प्लाझ्मा मात्र कल्पनेतला नाही. रायझर यांच्याच गटाने १९७० मध्ये सलग लेझरवर तो टिकवून दाखवला होता. त्यातली गंमत कुठल्याही गृहिणीला कळेल: निखारे धगधगते ठेवायला जेवढी आच लागते, तिच्या कैक पट चूल पेटवताना लागते. सलग लेझरची तीव्रता ठिणगीच्या उंबरठ्याच्या खूप खाली असते. म्हणून आधी कुणीतरी पेटवून द्यावं लागतं, एखाद्या पल्स लेझरने, नाहीतर टंगस्टनची तार क्षणभर नाभीत, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूत, धरून. मग तार काढली तरी प्लाझ्मा तरंगत राहतो. तुमच्या विषयात 'लेझरने प्लाझ्मा पेटवणे' हे शब्द सगळ्यात चपखल कुठे बसत असतील तर इथे. आणि ज्या युक्तीकडे रॉकेटवाले आशेने बघत होते, ती आज पोटापाण्याला लागली आहे चिपच्या कारखान्यांत. तिथे वेफर, म्हणजे चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या, तपासायच्या अतिप्रखर दिव्यांमध्ये झेनॉनचा असाच प्लाझ्मा लेझरवर तेवत असतो.

लेझरने अणुसंलयन पेटवून यान चालवायच्या कल्पनेवर मी हात आखडता घेतो. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल प्रकाशातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले, हे खरं आणि मोठं. पण त्या एका पल्ससाठी विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते, आणि यानाला असे स्फोट सेकंदाला कित्येक हवेत.

आता काडी. इथे लेझर खरंच कामाचा आहे, आणि मला इथेच रमायला आवडतं.

रॉकेटचं इंजिन पेटवणं हा फार जुना आणि काहीसा गावठी प्रकार आहे. रशियाच्या सोयूझ रॉकेटच्या इंजिनांत आजही लाकडी दांड्यांवर बसवलेल्या दारूच्या पुड्या नॉझलमधून आत सरकवून ठेवतात. स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटच्या मर्लिन इंजिनात हवा लागताच पेटणारा एक द्रव सोडतात, त्याची हिरवी झाक उड्डाणाच्या चित्रफितीत दिसते. हे सगळं चालतं, वर्षानुवर्षं चाललंय. अडचण येते ती पुन्हा पुन्हा पेटवायचं असेल तेव्हा. दारूची पुडी एकदाच जळते. द्रव संपतो, आणि विषारीही असतो. विजेच्या ठिणगीचा प्लग झिजतो, आणि तो भिंतीलाच चिकटलेला असतो. मिश्रण कुठे चांगलं झालंय हे त्याच्या हातात नसतं. लेझरची ठिणगी मात्र चेंबरच्या मधोमध, हव्या त्या जागी आणि हव्या त्या मायक्रोसेकंदाला पाडता येते.

वेळेला महत्त्व का, तर इंधन आणि ऑक्सिजन आत यायला लागले आणि पेटले नाहीत, तर ते साठत जातात. मग उशिरा पेटलं की एकदम पेटतं आणि चेंबर फाटतो. याला 'हार्ड स्टार्ट' म्हणतात. ज्याने एकदा पाहिलाय तो पुढे आयुष्यभर घरचा गॅस पेटवतानाही आधी लायटर ओढतो आणि मग बटण फिरवतो.

ऊर्जेचा प्रश्न इथे फारसा नाही. हायड्रोजन-हवा मिश्रण ०.०२ मिलिज्यूलच्या ठिणगीने पेटतं, मिथेनला साधारण ०.३ लागतात. लेझरला प्लाझ्मा करायलाच त्याहून कितीतरी जास्त द्यावे लागतात, म्हणजे ठिणगी पडली तर पेटायला ऊर्जा पुरून उरते. अडतं ते प्रकाश तिथवर नेण्यात. इतक्या शक्तीची नॅनोसेकंद पल्स साध्या फायबरमधून नेली की फायबरचं टोकच उडतं. यावर सुरेख तोड काढली ती जपानमध्ये ओकाझाकी इथल्या ताइरा यांच्या गटाने: लेझरच एवढा छोटा करायचा की तो स्पार्क प्लगच्या जागी बसेल. फायबरमधून फक्त सौम्य पंप-प्रकाश, म्हणजे त्या लेझरला ऊर्जा पुरवणारा प्रकाश, न्यायचा आणि जोरकस पल्स इंजिनावरच तयार करायची. रॉकेटच्या चेंबरवर असे छोटे लेझर बसवून द्रव ऑक्सिजनबरोबर हायड्रोजन आणि मिथेन पेटवायच्या चाचण्या जर्मनीत लाम्पोल्ड्सहाउझनला झाल्या आहेत.

मग कुरबुर कसली? खिडकीची. प्रकाश आत जायला काच हवी, नाहीतर नीलम, आणि तिच्यावर काजळी बसते. ठिणगी ठीक असते, इंधन ठीक असतं, आणि चाळिसाव्या वेळी काहीच होत नाही. खिडकीने आम्हाला आणखी एक धडा दिला. आम्ही लेन्स बाकावर जुळवली, नाभी कुठे येते ते मोजलं, मग मध्ये दहा मिलिमीटरची नीलमची खिडकी बसवली आणि तीन दिवस चेंबर पेटेना. एकवटणारा बीम जाड काचेतून गेला की नाभी पुढे सरकते, नीलममध्ये सव्वाचार मिलिमीटर. ठिणगी पडत होती, पण मिश्रणाच्या धारेबाहेर. बारावीच्या पुस्तकातलं सूत्र, आणि आम्ही चार पीएचडीवाले पंपावर संशय घेत बसलो होतो.

दुसरी अडचण तुमच्या प्रोजेक्टशी थेट जोडलेली आहे. अवकाशात इंजिन पुन्हा पेटवायचं तेव्हा चेंबरमध्ये निर्वात असतं. वायूच नाही तर दुपटी कुणाच्या होणार? पटावर तांदूळच नाही. दाब उतरला की उंबरठा चढतो आणि ठिणगी पडत नाही. अशा वेळी वायूचा नाद सोडून बीम धातूच्या पृष्ठभागावर मारायचा आणि त्या वाफेचा प्लाझ्मा करायचा. घन पदार्थावर हे फार कमी तीव्रतेत जमतं.

हीच युक्ती पल्स्ड प्लाझ्मा थ्रस्टरमध्ये कामी येते. यान ढकलणारी ही विजेवरची चिमुकली इंजिनं, १९६४ मध्ये सोव्हिएत झोंड-२ यानावर पहिल्यांदा अवकाशात वापरली गेली. टेफ्लॉनचा ठोकळा, दोन पट्ट्या, चार्ज केलेला कपॅसिटर. छोटा प्लग ठिणगी टाकतो, तिच्यामुळे मोठा विद्युतझोत सुरू होतो, तो टेफ्लॉनचा थर उडवून प्लाझ्मा करतो आणि चुंबकीय बलाने बाहेर फेकतो. इथेही प्लगवर कार्बन बसतो आणि तो आधी मरतो. प्लगऐवजी लेझरची पल्स टेफ्लॉनवर मारून झोत सुरू करायचे प्रयोग बरेच झाले आहेत. जोर कपॅसिटरचा, काडी लेझरची. लहान उपग्रहांसाठी मला हा मार्ग सगळ्यात जवळचा वाटतो, जरी याच्या बातम्या कुणी छापत नाही.

तर प्रोजेक्ट. यान उडवू नका. लंबक करा. एक ग्रॅमचा काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा पंचवीस सेंटिमीटरच्या दोन बारीक दोऱ्यांवर टांगा. शंभर मिलिज्यूलची पल्स त्याच्यावर एकवटली आणि मेगावॅटला शंभर न्यूटनचा दर धरला, तर तुकड्याला सेकंदाला एक सेंटिमीटर वेग मिळतो आणि तो दीड मिलिमीटरच्या आसपास झुलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे सहज मोजता येतं. मग त्याच तुकड्यावर पाण्याचा पातळ थर देऊन बघा. प्लाझ्मा पाण्याखाली कोंडला की धक्का कितीतरी वाढतो. जपानमध्ये याबे यांच्या गटाने २००२ मध्ये याच तत्त्वावर इवलंसं विमान ढकललं होतं. लेझर तुमच्या कॉलेजात नसेल. इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संस्था, कुलाब्याची टीआयएफआर इथे या क्षेत्रातली माणसं आहेत. पत्र लिहिताना वरचा हिशेब जोडा, नुसतं 'मला आवड आहे' असं लिहू नका.

घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा, त्यांच्यावरून परावर्तित झालेला न दिसणारा किरण डोळ्याचा पडदा जाळतो. चष्मा १०६४ नॅनोमीटरचाच हवा, कोपऱ्यात पडलेला हिरव्या लेझरचा चालणार नाही. आणि पहिलं रीडिंग तुकड्यावर घेऊच नका. नाभी तुकड्याच्या शेजारी, मोकळ्या हवेत ठेवून पल्स मारा. नुसत्या ठिणगीच्या धक्कालहरीनेही लंबक हलतो. तो झोका वजा केल्याशिवाय आकडा गाइडला दाखवू नका.